फाटलेल्या आवाजापासून स्पीकर वाचवण्याची कमी खर्चाची पद्धत

साउंड सिस्टीममध्ये सर्वांत नाजूक भाग म्हणजे स्पीकरमधली व्हॉइस कॉइल, म्हणजे स्पीकरचा पडदा (कोन) हलवणारी तारेची गुंडाळी. ती जळली की दोष बहुधा स्पीकरच्या दर्जाला दिला जातो, किंवा ‘ॲम्प फार मोठा लावला होता’ असे म्हणून विषय संपवला जातो. खरे कारण अनेकदा मिक्सरच्या पहिल्या गेनपासून (सिग्नल वाढवणाऱ्या नॉबपासून) ॲम्प्लिफायरच्या आउटपुटपर्यंतच्या साखळीत कुठेतरी सिग्नल मर्यादेबाहेर ढकलला गेलेला असतो, हे असते. ही साखळी शिस्तीत लावण्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. एक साधा मल्टिमीटर, थोडे गणित आणि क्रमाने केलेली जुळवणी एवढ्यावर बहुतेक काम भागते. जिथे खर्च करावाच लागतो, तिथे तो कोणत्या क्रमाने करावा हेही पुढे सांगितले आहे.

कॉइल नेमकी कशाने जाते

स्पीकर दोनच प्रकारे मरतो: उष्णतेने किंवा अतिरिक्त हालचालीने. स्पीकरला दिलेल्या विजेपैकी जेमतेम काही टक्के आवाजात रूपांतरित होते आणि उरलेली जवळजवळ सगळी कॉइलमध्ये उष्णता बनून राहते. ही उष्णता बाहेर जाण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने साठू लागली की तारेवरचे वार्निश करपते, वेढे धरून ठेवणारा गोंद सुटतो आणि सुटलेले वेढे चुंबकाच्या अरुंद फटीत घासून तुटतात. उघडलेल्या स्पीकरची कॉइल तपकिरी किंवा काळी पडलेली असेल, फॉर्मरला (कॉइल ज्या नळीवर गुंडाळलेली असते तिला) फोड आले असतील आणि करपल्याचा वास येत असेल, तर मृत्यू उष्णतेने झाला आहे. याउलट तारेचा रंग तांब्याचा तसाच राहिला असून फॉर्मरची मागची कडा चेपलेली असेल, स्पायडर (कॉइलला मध्यावर धरणारी लवचीक चकती) फाटला असेल किंवा कोनकडे जाणारी लवचीक तार तुटली असेल, तर कोन त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलला गेला आहे. जळालेला स्पीकर दुरुस्तीला देण्यापूर्वी ही पाहणी जरूर करावी, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि निदान चुकले तर नवी कॉइलही त्याच मार्गाने जाते.

आता आवाज फाटण्याचा, म्हणजे क्लिपिंगचा, यात नेमका भाग कोणता ते पाहू. ॲम्प्लिफायर त्याच्या पॉवर सप्लायने ठरवलेल्या व्होल्टेजच्या वर जाऊ शकत नाही. त्याहून मोठा सिग्नल मागितला तर लाटेची टोके कापली जातात. शुद्ध साइन लहर पूर्ण कापली जाऊन चौकोनी झाली, तर त्याच कमाल व्होल्टेजला ती दुप्पट पॉवर देते, म्हणजे १०० वॅटचा ॲम्प पूर्ण फाटलेल्या अवस्थेत २०० वॅटच्या जवळ जाऊ शकतो. संगीतात याहून मोठा फरक पडतो. साध्या संगीतात क्षणिक टोके सरासरी पातळीपेक्षा १० ते २० डेसिबेलने वर असतात आणि मधल्या वेळात कॉइलला थंड व्हायला सवड मिळते. टोके कापून पातळी वाढवत नेली की हे अंतर घटते, सरासरी पॉवर चढते आणि ती सवड नाहीशी होते.

ट्वीटर, म्हणजे उच्च सुरांचा छोटा स्पीकर, आधी जातो त्याचेही कारण यातच आहे. बेसची लाट कापली गेली तरी वरच्या सुरांची पातळी गेनबरोबर वाढतच राहते, शिवाय कापलेल्या कडांमुळे नवे उच्च वारंवारतेचे सूर तयार होतात आणि ते सगळे क्रॉसओव्हरमधून (वरचे आणि खालचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटमधून) ट्वीटरकडेच वळतात. ४०० वॅट लिहिलेल्या पेटीतल्या ट्वीटरची स्वतःची उष्णता सोसण्याची क्षमता त्या आकड्याच्या छोट्या अंशाइतकीच असते.

‘छोटा ॲम्प स्पीकर जाळतो’ ही समजूत मात्र अर्धवट आहे. कापलेल्या लहरीत स्वतःचे असे कोणतेही विष नसते, स्पीकरला फक्त उष्णता आणि हालचाल कळते. ५० वॅटचा ॲम्प कितीही फाटला तरी ४०० वॅटच्या वूफरचे (खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरचे) त्याने काही बिघडत नाही. छोटा ॲम्प घातक ठरतो तो वापरणाऱ्यामुळे, कारण आवाज पुरत नाही म्हणून तो फेडर (मिक्सरवरची पातळीची सरकपट्टी) वर ढकलत राहतो आणि ट्वीटर त्याची किंमत मोजतो.

पहिली पायरी: वॅटचे व्होल्टमध्ये रूपांतर

पेटीच्या मागे तीन आकडे असतात. सतत सोसण्याची पॉवर (आरएमएस किंवा एईएस), तिच्या दुप्पट प्रोग्रॅम आणि चौपट पीक. जाहिरातीत तिसराच आकडा मोठ्या अक्षरांत असतो, म्हणून एकच आकडा दिला असेल तर तो पीक समजून त्याचा चतुर्थांश धरणे शहाणपणाचे.

सतत पॉवरला ओहमने गुणून वर्गमूळ काढले की व्होल्टेज मिळते. ५०० वॅट आणि ८ ओहम असेल तर ४००० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ६३ व्होल्ट. निम्म्या पॉवरला, म्हणजे २५० वॅटला, सुमारे ४५ व्होल्ट. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवावेत, पुढची सगळी जुळवणी त्यांच्यावर उभी आहे. समांतर जोडलेल्या पेट्यांना व्होल्टेज तेच मिळते, ओहम मात्र निम्मा होतो. दोन ८ ओहमच्या पेट्या ॲम्पला ४ ओहम दिसतात आणि चार पेट्या २ ओहम, जे पुष्कळ ॲम्पना झेपत नाही.

ॲम्प किती मोठा घ्यावा यावर वाद कधी संपत नाहीत. माझे मत असे की नीट लावलेला लिमिटर (सिग्नल ठरलेल्या मर्यादेवर रोखणारे साधन) असेल आणि यंत्रणा जाणत्या माणसाच्या हाती असेल, तर सतत पॉवरच्या दीड ते दुप्पट ॲम्प योग्य आहे, कारण क्षणिक टोकांना जागा मिळते. लिमिटर नसेल आणि फेडरला कोणीही हात लावणार असेल, तर ॲम्प सतत पॉवरइतका किंवा किंचित कमीच असावा आणि तो फाटू न देण्यावर लक्ष ठेवावे.

दुसरी पायरी: गेनची साखळी

या पायरीला एक पैसाही लागत नाही, आणि सर्वाधिक स्पीकर वाचतात ते येथेच. सिग्नल माइक किंवा लॅपटॉपपासून निघून ॲम्पपर्यंत पोहोचेपर्यंत चार-पाच ठिकाणी फाटू शकतो. एका ठिकाणी फाटला की पुढे कितीही कमी केला तरी फाटलेलाच राहतो. मिक्सरचा चॅनेल फाटत असताना मास्टर खाली आणून उपयोग होत नाही.

सुरुवात स्रोतापासून करावी. ज्या फाइलमध्येच टोके कापलेली आहेत, ती कोणत्याही यंत्राने दुरुस्त होत नाही. लॅपटॉप किंवा फोनवरील ‘बेस बूस्ट’, इक्वलायझर आणि आवाज वाढवणारी ॲप बंद करावीत. डिजिटल पातळी शून्याला पोहोचली की त्यावर जागाच नसते, म्हणून प्लेअरमध्ये इक्वलायझरचे बँड वाढवायचे झाल्यास तेवढेच डेसिबेल एकूण पातळीतून आधी कमी करावेत. काही उपकरणांचे हेडफोन आउटपुट पूर्ण व्हॉल्यूमवर फाटते, म्हणून ते ८०-९० टक्क्यांवर ठेवून उरलेली वाढ मिक्सरवर घ्यावी.

मग मिक्सर. मास्टर खाली आणून चॅनेलचा पीएफएल (फेडरच्या आधीची पातळी मीटरवर दाखवणारे बटण) दाबावा, माइकवरच्या व्यक्तीला प्रत्यक्ष कार्यक्रमात बोलेल तेवढ्या जोराने बोलायला सांगावे आणि मीटर शून्याच्या आसपास खेळून टोके +६ च्या जवळ जातील असा गेन लावावा. चाचणीच्या वेळी लोक हळू बोलतात आणि कार्यक्रमात ओरडतात, त्यामुळे सहा डेसिबेलची सवड आधीच धरून ठेवावी. डिजिटल मिक्सरवर हीच गोष्ट उणे १८ च्या आसपास सरासरी आणि उणे ६ च्या खाली टोके अशी येते. चॅनेलचे आणि मास्टरचे फेडर शून्याच्या खुणेजवळ यावेत. मास्टर खाली दबलेला आणि चॅनेल लाल, अशी स्थिती दिसली तर गेन फार वर आहे.

यानंतर ॲम्पच्या पुढच्या नॉबचा प्रश्न येतो. तो नॉब पॉवर कमी करतो असा समज आहे. खरे तर तो इनपुटची संवेदनशीलता कमी करतो. नॉब निम्म्यावर आणला तरी मिक्सरमधून पुरेसा मोठा सिग्नल आला तर ॲम्प पूर्ण पॉवरला जातो, आणि पुष्कळ मिक्सर +२० डीबीयू (सिग्नलचे व्होल्टेज डेसिबेलमध्ये सांगणारे एकक), म्हणजे ७.७५ व्होल्टपर्यंत सहज देतात, तर कित्येक ॲम्प एक-दीड व्होल्टलाच पूर्ण उघडतात. म्हणजे मिक्सरचा मीटर अजून हिरवा असताना ॲम्प फाटलेला असू शकतो. हा फरक दूर करण्यासाठी स्पीकर काढून ठेवावेत, साइन लहर लावून मिक्सर लाल दिवा लागण्याच्या थोडा अलीकडे न्यावा आणि ॲम्पचा क्लिप दिवा नुकताच लुकलुकेल इतका नॉब खाली घ्यावा. आता मिक्सरचा मीटर आणि ॲम्पची मर्यादा एकाच जागी आली. नॉबच्या त्या जागी खूण करून वर चिकटपट्टी लावावी. लिमिटर नसलेल्या यंत्रणेत याहून स्वस्त संरक्षण नाही.

अंगचा ॲम्प असलेल्या पेट्यांमध्ये आतला लिमिटर आतल्या ॲम्पची काळजी घेतो, पण इनपुटच्या पहिल्या पायरीवर फाटलेला सिग्नल तोही ओळखत नाही. मागचा माइक-लाइन खटका मिक्सरसाठी लाइनवर आहे ना, एवढे आधी पाहावे. हा खटका चुकल्यामुळे फाटणारा आवाज पुष्कळदा पेटीच्या माथी मारला जातो.

तिसरी पायरी: खालचे सूर कापणे

हालचालीने मरणारे स्पीकर वाचवण्याचा उपाय हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक वारंवारतेखालचे सूर अडवणारा फिल्टर, आहे. तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनला चौपट हालावे लागते. पोर्ट (हवेसाठी ठेवलेले भोक) असलेल्या पेटीत तर पेटीच्या ट्यूनिंगच्या, म्हणजे पोर्ट ज्या वारंवारतेला जुळवलेला असतो तिच्या, खाली हवेचा आधारच सुटतो आणि कोन मोकळा धावू लागतो. त्या पट्ट्यात ऐकू येणारा आवाज जवळजवळ काहीच निघत नाही, म्हणजे कान धोका सांगत नाही आणि कॉइल मागच्या प्लेटवर आपटते.

पेटी ४० हर्ट्झला ट्यून केलेली असेल, तर हाय-पास ३५ ते ४० च्या दरम्यान आणि सप्तकाला २४ डेसिबेलच्या उताराने लावावा. ट्यूनिंग माहीत नसेल तर साधारण १५ किंवा १८ इंचांच्या बेससाठी ४० हर्ट्झ हा सावध आकडा आहे. वरच्या पेट्यांना, म्हणजे टॉपना, बेस वेगळा असेल तर १०० हर्ट्झच्या खालचे काहीच जाऊ देऊ नये. बोलण्या-गाण्याच्या प्रत्येक माइक चॅनेलवरचा लो-कट, जो बहुतेक मिक्सरवर ७५ ते १०० हर्ट्झला असतो, कायम दाबलेला असावा. माइक हाताळण्याचा गडगडाट, वारा, ‘प’ आणि ‘फ’ चे धक्के आणि माइक खाली पडल्याचा आवाज हे सगळे त्याखालीच राहते.

याच पायरीत एक सवय मोडावी लागते. बेस कमी वाटतो म्हणून खालचे बँड १२ डेसिबेलने वर करणे म्हणजे त्या पट्ट्यात ॲम्पकडे सोळापट पॉवर मागणे. इक्वलायझरने खटकणारे सूर खाली आणावेत, हवे असलेले सूर वर चढवण्यासाठी त्याचा वापर जपून करावा.

चौथी पायरी: मल्टिमीटरने लिमिटर लावणे

लिमिटरचे काम एकच, ठरलेल्या व्होल्टेजच्या वर सिग्नल जाऊ न देणे. तो साखळीत अगदी शेवटी, क्रॉसओव्हरच्या नंतर आणि ॲम्पच्या लगेच आधी असावा. त्यानंतर कोणताही फेडर, इक्वलायझर किंवा गेन असला तर त्याला अर्थ उरत नाही. वापरलेला ॲनालॉग कॉम्प्रेसर-लिमिटर, स्वस्त डिजिटल प्रोसेसर, डिजिटल मिक्सरच्या आउटपुटवरचा लिमिटर किंवा फक्त लॅपटॉपवरून गाणी लावायची असतील तर त्यातले मोफत सॉफ्टवेअर, यांपैकी काहीही चालते. सॉफ्टवेअरचा पर्याय माइकना संरक्षण देत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

जुळवणीपूर्वी स्पीकरच्या वायरी ॲम्पपासून काढाव्यात. ६३ व्होल्टची सलग साइन लहर जोडलेल्या ५०० वॅटच्या स्पीकरला संकटात टाकू शकते. मोठ्या ॲम्पच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज माणसालाही झटका देण्याइतके असते, म्हणून प्रोब लावताना आवाज पूर्ण खाली असावा आणि उघड्या धातूला बोट लागू देऊ नये. ब्रिज जोडणीत (ॲम्पचे दोन चॅनेल मिळून एकच आउटपुट करण्याच्या जोडणीत) आणि कित्येक डिजिटल ॲम्पमध्ये दोन्ही टर्मिनल जिवंत असतात, त्यातले कोणतेही अर्थला जोडू नये.

मल्टिमीटर एसी व्होल्टवर, २०० किंवा त्याहून मोठ्या रेंजवर ठेवावा. साइन लहर बेससाठी ६० हर्ट्झची घ्यावी आणि टॉपच्या ॲम्पसाठी २०० हर्ट्झच्या आसपासची, कारण स्वस्त मीटर साधारण ४०० हर्ट्झच्या पुढे चुकीचे आकडे देतात आणि साइन सोडून इतर आकाराची लहर तर नीट मोजतच नाहीत. ॲम्पचा नॉब पूर्ण वर करावा. नंतर कोणी नॉब खाली आणला तर संरक्षण वाढते, पण खाली असताना लावलेला लिमिटर नॉब वर गेला की निरुपयोगी ठरतो. दुसऱ्या पायरीत सांगितलेली चिकटपट्टीची खूण कायम राहणार असेल, तर त्याच जागी मोजायला हरकत नाही.

आता लिमिटरचा थ्रेशोल्ड (ज्या पातळीपासून तो सिग्नल दाबू लागतो ती) सर्वांत वर ठेवून लहर हळूहळू वाढवावी. मीटर ६३ व्होल्टच्या पुढे जाऊ लागला की थ्रेशोल्ड खाली आणत ६३ वर थांबवावा. मग मिक्सर आणखी १० डेसिबेल वर करून पाहावा. मीटर ६३ च्या आसपासच राहिला तर जुळवणी बरोबर आहे. पुढे सरकत राहिला तर लिमिटरचे गुणोत्तर सौम्य आहे, ते १०:१ किंवा त्याहून कडक करावे. ॲम्प ६३ पर्यंत पोहोचण्याआधीच क्लिप दाखवू लागला, तर मर्यादा ॲम्पची आहे, तेव्हा थ्रेशोल्ड क्लिपच्या किंचित खाली लावावा.

गणिताने ताळा पाहायचा असेल तर ३२ डेसिबेल गेनचा ॲम्प इनपुटच्या सुमारे ४० पट व्होल्टेज देतो. ६३ भागिले ४० म्हणजे १.५८ व्होल्ट, अर्थात साधारण +६.२ डीबीयू. प्रोसेसरवर थ्रेशोल्ड डीबीयूमध्ये लिहिलेला असतो, तेव्हा हा आकडा थेट कामी येतो.

अटॅक (लिमिटर दाबायला लागण्यास लागणारा वेळ) आणि रिलीज (पुन्हा सोडण्यास लागणारा वेळ) हे वारंवारतेनुसार बदलतात. बेसच्या संथ लाटेवर अतिजलद अटॅक लावला तर लिमिटर एकेका लाटेचा आकारच बदलू लागतो आणि स्वतःच आवाज फाडतो. ३० ते ६० हर्ट्झपासून सुरू होणाऱ्या बेसला सुमारे १६ मिलिसेकंद अटॅक आणि त्याच्या सोळापट, म्हणजे २५० च्या जवळ रिलीज, १०० च्या पुढच्या टॉपला ४ ते ८ मिलिसेकंद आणि वेगळ्या चालवलेल्या उच्च सुरांच्या ड्रायव्हरला अर्धा मिलिसेकंद किंवा कमी, असे आकडे सुरुवातीसाठी धरावेत.

येथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. लिमिटर ५०० वॅटवर थांबतो म्हणून कॉइलला सरासरी ५०० वॅट मिळतात असे नाही. टोके सरासरीपेक्षा १० डेसिबेल वर असलेले संगीत त्या मर्यादेला जेमतेम टेकत असेल, तर सरासरी साधारण १०० वॅटच असते. पण तेच संगीत लिमिटरवर ६ डेसिबेलने आणखी रेटले तर सरासरी चौपट, म्हणजे ४०० वॅटकडे सरकते, आणि बाहेर ऐकणाऱ्याला टोके तेवढीच राहिल्यामुळे आवाज फारसा वाढलेला वाटतही नाही. म्हणून लिमिटरचा दिवा ठोक्याला लुकलुकावा, लागून राहू नये. आधीच दाबून घट्ट केलेले नाचाचे संगीत तासन्‌तास वाजणार असेल तर थ्रेशोल्ड ६३ ऐवजी ४५ व्होल्टवर लावावा. तीन डेसिबेल गेल्याचे गर्दीत क्वचितच कोणाच्या लक्षात येते. प्रोसेसरमध्ये दोन लिमिटर असतील तर सरासरी पाहणारा, सावकाश चालणारा ४५ वर आणि टोके पकडणारा ६३ किंवा त्याच्या थोडा वर, ही जोडी सर्वांत चांगली.

ट्वीटरसाठी स्वस्त सुटे भाग

उच्च सुरांचा ड्रायव्हर वेगळ्या ॲम्पवर थेट जोडलेला असेल, तर त्याच्याशी मालिकेत एक कपॅसिटर असलाच पाहिजे. प्रोसेसरची चुकीची मेमरी उघडली, बेसची वायर चुकून टॉपला गेली किंवा ॲम्प चालू होताना ‘धप्’ झाले, की हा कपॅसिटर खालचे सूर आणि डीसी अडवतो. त्याचे मूल्य क्रॉसओव्हरच्या सुमारे एक सप्तक खाली पडेल असे घ्यावे. ८ ओहमचा ड्रायव्हर २००० हर्ट्झपासून चालत असेल तर १००० हर्ट्झसाठी २० मायक्रोफॅरड येते, १००० पासून चालत असेल तर ४०. तो ध्रुवहीन, फिल्म प्रकारचा आणि २५० व्होल्टचा असावा. साधा ध्रुवीय इलेक्ट्रोलिटिक येथे चालत नाही.

पॅसिव्ह क्रॉसओव्हरच्या पेटीत ट्वीटरच्या मार्गात गाडीचा १२ व्होल्टचा छोटा दिवा मालिकेत घालण्याची जुनी युक्ती अजूनही उत्तम आहे. थंड असताना त्याचा रोध कमी असतो. पॉवर वाढली की तार तापून रोध कित्येक पटींनी वाढतो, ट्वीटरला जाणारा प्रवाह आपोआप घटतो आणि आवाज बंद न पडता थोडा मंद होतो. आपोआप पूर्ववत होणारा पॉलिस्विच फ्यूजही असाच वापरतात. काचेचा फ्यूज लावायचा तर तो जलद प्रकारचा असावा आणि पॉवर भागिले ओहम याच्या वर्गमुळाहून कमी अँपिअरचा असावा. ४० वॅट आणि ८ ओहमला हे वर्गमूळ २.२ येते, म्हणून दीड अँपिअरने सुरुवात करावी. फ्यूज लांबलेल्या अतिभारापासून वाचवतो. क्षणात होणाऱ्या हालचालीच्या इजेवर त्याचा काही उपयोग नाही.

ॲम्पचे आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाले की सप्लायचे सगळे डीसी व्होल्टेज वूफरवर येते आणि कोन एका बाजूला चिकटून कॉइल जळते. जुन्या किंवा घरी बांधलेल्या ॲम्पमध्ये डीसी संरक्षणाचे रिले बोर्ड नसेल तर ते बसवून घेण्याचा खर्च एका वूफरच्या दुरुस्तीपुढे नगण्य आहे. रिलेचे संपर्क त्या व्होल्टेजला प्रवाह तोडू शकतील असे असावेत, नाहीतर ठिणगीने ते चिकटून बसतात. अधूनमधून सिग्नलशिवाय ॲम्पच्या आउटपुटवर डीसी मोजावे. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर चिंता नाही, शंभराच्या वर असेल तर ॲम्प तपासायला द्यावा.

कार्यक्रम चालू असताना

चालू करताना मिक्सर आणि प्रोसेसर आधी, ॲम्प सर्वांत शेवटी. बंद करताना ॲम्प सर्वांत आधी. माइकची वायर काढताना किंवा फँटम पॉवर (मिक्सरकडून माइकला मिळणारी वीज) चालू-बंद करताना चॅनेल म्यूट असावा. शिट्टी आली तर आधी मास्टर किंवा तो माइक खाली आणावा आणि कोणता सूर होता ते नंतर शोधावे. शिट्टी म्हणजे न थांबणारी साइन लहर असते आणि ती ट्वीटरला विश्रांती देत नाही.

दोन-तीन तासांनी आवाज ‘बसल्यासारखा’ वाटू लागतो, त्याचे कारण पुष्कळदा ऐकणाऱ्यांचे थकलेले कान नसून तापलेली कॉइल असते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे कॉइल २०० अंशांनी तापली की रोध जवळपास १.८ पट होतो, ॲम्पमधून तेवढी कमी पॉवर ओढली जाते आणि आवाज काही डेसिबेलने उतरतो. नेमक्या या क्षणी फेडर वर केला जातो आणि येथेच स्पीकर जातात. आवाज बसला की पातळी तीन डेसिबेल खाली आणावी, शक्य असेल तर मधल्या वेळात दहा मिनिटे शांत गाणी लावावीत आणि पेटीच्या पोर्टजवळ नाक नेऊन वास घ्यावा. वार्निशचा गोडसर करपट वास येत असेल तर ती पेटी त्या दिवसापुरती तरी हलकी चालवावी.

मुळात मागणीच कमी करता आली तर वरच्या सगळ्या यंत्रांवरचा ताण उतरतो. तीन डेसिबेल जास्त संवेदनशील पेटी दुप्पट ॲम्पच्या बरोबरीची असते. दोन बेस वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवण्याऐवजी एकमेकांना चिकटवून ठेवले तर दोघे मिळून एकट्यापेक्षा ६ डेसिबेलपर्यंत अधिक देतात. भिंतीलगत ठेवलेला बेस मोकळ्या जागेतल्यापेक्षा ठळक वाजतो. टॉप डोक्यांच्या वर उचलले आणि ऐकणाऱ्यांच्या दिशेने किंचित झुकवले, तर पुढच्या रांगेच्या अंगात आवाज जिरणे थांबते. आणि मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचे अंतर निम्मे केले की ६ डेसिबेल मिळतात, जे ॲम्पकडून मिळवायचे तर चौपट पॉवर लागते.

कार्यक्रमानंतरची तपासणी

पेट्या गाडीत चढवण्यापूर्वी मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्रत्येक पेटीच्या टर्मिनलवर रोध मोजावा. ८ ओहमच्या वूफरचा डीसी रोध साधारण ५.५ ते ६.५ येतो. पॅसिव्ह पेटीत हा आकडा फक्त वूफरचा असतो. ट्वीटर क्रॉसओव्हरच्या कपॅसिटरमागे असल्यामुळे त्याची चाचणी हळू आवाजात कान जवळ नेऊनच करावी लागते. कोन दोन्ही हातांनी मध्याजवळ समान दाबून हळूच आत-बाहेर करावा. घासल्याची खरखर बोटांना जाणवली तर कॉइल वाकडी झाली आहे किंवा वेढा सुटला आहे, आणि असा स्पीकर पुढच्या कार्यक्रमाला ‘अजून वाजतो’ म्हणून नेऊ नये. सर्व आकडे नवे असतानाच नोंदवून ठेवले तर बदल लगेच दिसतो. मीटरवर अनंत आले तर कॉइल तुटली आहे. नेहमीपेक्षा रोध बराच कमी आला तर वेढे एकमेकांना शॉर्ट झाले आहेत, आणि असा स्पीकर ॲम्पला पुन्हा जोडू नये, कारण मग दुरुस्ती दोघांचीही करावी लागते.